दोघी बहिणींचा फोन

मोबाइलवर एक जुना फोटो सापडला. अमेरिकेतले दोन आदिवासी सैनिक, नवाहो जमातीचे, जंगलात बसलेत. एक वायरलेसवर बोलतोय, दुसरा लिहून घेतोय. दुसऱ्या महायुद्धात हे लोक गुप्त निरोप आपल्या भाषेतून पाठवायचे आणि शत्रूला त्यातलं काहीच कळायचं नाही. मी धावतच रूममेटला, फुलवंतीला दाखवायला गेले. ती मेळघाटची, घरी कोरकू बोलणारी.

तिने फोटो मोठा करून पाहिला. "यांना शाळेत बोलू द्यायचे का गं ही भाषा?"

मी शोधलं. शिक्षा व्हायची म्हणे. म्हणजे जी भाषा बोलल्याबद्दल मार खाल्ला, तीच पुढे देशाला हवी झाली.

"आमच्या आश्रमशाळेत कोरकू बोललं की व्हरांडा झाडायला लावायचे," फुलवंती हसली. "मी वर्षभर झाडला. धाकटीशी बोलल्याशिवाय राहवायचंच नाही."

धाकटी अजून त्याच आश्रमशाळेत आहे. दुपारी तिचा फोन आला, स्पीकरवर. फुलवंती कोरकूत विचारत होती, हळूहळू, तेच तेच परत. पलीकडून उत्तरं मराठीत येत होती, "हो ताई. जेवले. बरी आहे मी."

मी पुस्तकात डोकं घातलं. बहिणी बहिणींचं बोलणं, मला एक शब्दही कळायला नको होता. अर्धं कळत होतं.