आढ्याला टांगलेल्या मोटा

नांदूरघाटच्या अलीकडं चामड्याचं काम करणाऱ्यांची आळी होती. तिथं पंडितला लोक मागून ‘हेतू’ म्हणायचे. हे नाव त्यानं आपणच ओढवून घेतलं होतं. बीडला सहकाराच्या शिबिराला जाऊन आला, तेव्हा तिथल्या गुरुजींचं बोलणं तो पाठ करूनच आला होता. समाजवादात उत्पादनाचा हेतू नफा नसतो, माणसाची गरज असते. आणि उत्पादन मनमानीनं चालत नाही, सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या योजनेनं चालतं. एवढ्या बोलण्याच्या जोरावर आळीची सोसायटी उभी राहिली आणि पंडित तिचा चेअरमन झाला. लोकांना ते खरंही वाटलं होतं. आजवर कातडं कमावलं त्यांनी आणि भाव केला व्यापाऱ्यानं, हे घरोघर भोगून झालेलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधी सोसायटीचा ठराव झाला की यंदा मोटा शिवायच्या. विहिरीचं पाणी ओढायला कातड्याची मोट लागणारच, त्यात कुणाला शंका नव्हती. मग पावसानं पाठ फिरवली. दावणीची जनावरं पडायला लागली, कातडं मागाल तेवढं मिळू लागलं, आणि विहिरी आटल्या. तरी शेडमध्ये मोटाच शिवल्या जात होत्या. टांगलेल्या मोटांनी आढं भरून गेलं.

“पंड्या, मोट घेणार कोण बे?” म्हातारा हरिबा आरी चालवता चालवता म्हणायचा. “विहिरीत कबुतरं नांदत्यात. त्यांना इकतो का?”

सगळे हसायचे. पंडित हसायचा नाही. “ठराव झालाय, तात्या. ज्याला जे वाटंल ते त्यानं शिवलं, तर मग बाजार काय वाईट होता?”

एका बैठकीत पारूबाई उठली. नवरा वारलेला, ती आणि तिची सासू छबुबाई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. संध्याकाळी पारूबाई शेडमध्ये टाके घालायची.

“भावजी, आढ्याची एक मोट द्या,” ती म्हणाली. “खालची सोंड बांधून, वरचं तोंड शिवून तिची पखाल करते. खडीवर प्यायला पाणी न्हाई. सासू लांबून घागरीनं आणती अन् समद्या बायांना पाजती. मातीची घागर, ठेच लागली की गेली.”

मोटेची पखाल होते, त्यात पाणी वाहून नेता येतं, हे पंडितला का ठाऊक नव्हतं? पण एक मोट खाली काढली म्हणजे सगळ्याच मोटा फुकट शिवल्या हे कबूल केल्यासारखं होतं, तेही हरिबासमोर.

“वैनी, गरज एकट्याची धरायची नसती, समाजाची धरायची असती. योजना अशी मधीच मोडता येत न्हाई.”

“मंग खडीवर बसलेल्या बाया कोण हायती?”

पंडित म्हणाला, “पुढच्या बैठकीत घेऊ.”

पुढची बैठक व्हायच्या आतच छबुबाई वाटेत पडली. भर उन्हात डोक्यावरची घागर फुटली आणि म्हातारी तिथंच मातीत बसून ओली ढेकळं पदरात गोळा करत राहिली. माणसं पोचली तेव्हा तिला शुद्ध नव्हती. जीव वाचला, वाचा गेली.

ऊन लागलं, लोक म्हणाले. पंडितचं नाव कुणी काढलं नाही. कुणी तोंडावर थुंकलं असतं तरी त्याला ते सोसलं असतं. घास तोंडात घेतला की त्याला पदरातली ती ओली माती दिसायची.

एका सकाळी शेडमध्ये कुणी यायच्या आत त्यानं एक मोट खाली काढली. सोंड आवळून बांधली, तोंड शिवायला घेतलं. चेअरमन झाल्यापासून हातात आरी धरली नव्हती, बोटात घुसली. तशीच पखाल पेलेल एवढी भरून, खांद्यावर घेऊन तो खडीवर गेला. पोचेपर्यंत पाठ भिजली होती.

पारूबाईनं शिवण बोटानं चाचपली. “टाका सैल पडलाय.” मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, “ही कुणाच्या गरजंची हाय, भावजी? बायांच्या, का तुमच्या?”

तो पखाल खाली ठेवायला वाकला.

“धरा,” ती म्हणाली. “गळतंय तिथं दाबून धरा. पाणी जातंय.”

बाया ओंजळीनं पाणी पिऊन होईस्तोवर तो शिवण दाबून उभा राहिला. तांब्याभर पाणी पारूबाईनं बाभळीखाली निजलेल्या सासूसाठी नेलं. म्हातारी प्याली, आणि पखालीकडं बघत काहीतरी बोलायला गेली. नुसतेच ओठ हलले.

त्याच संध्याकाळी पंडितनं बैठक बोलावली. “ठराव मोडायचा,” तो म्हणाला. “समद्या मोटांच्या पखाली करायच्या अन् खडीवर द्यायच्या. माझंच चुकलं. वैनीनं इचारलं तवाच द्यायला पायजे होती.”

कुणी विरोध केला नाही. हरिबा उठला, शिडी लावून वर चढला आणि एकेक मोट सोडवू लागला. पंडित खाली हात पसरून उभा होता. म्हातारा आता काय म्हणतो, कबुतरांचं काढतो का, म्हणून वाट बघत होता.

“बोल की, तात्या,” शेवटी तोच म्हणाला.

“काय बोलू?” हरिबा म्हणाला. “धर खाली.”

त्यानंतर आळीत त्याला कुणी ‘हेतू’ म्हटलं नाही. पाठीमागंसुद्धा नाही.