मांडवगणच्या आप्पांना घेऊन पॅरिसचा विमानतळ शोधताना

लंडनहून पॅरिसला विमानानं स्वस्तात कसं जावं आणि कुठल्या विमानतळावर उतरावं, असं परवा एका वाचकानं विचारलं. माझी माहिती साठ वर्षांपूर्वीची आहे आणि तेव्हाही ती धड नव्हती. तरी लिहिते, कारण विमानतळ निवडताना होऊ शकणारे बहुतेक घोळ मी एकाच प्रवासात करून बसले होते.

मी शिरूरच्या मिशन कंपाउंडमधली, ख्रिस्ती. तेव्हा नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी लंडनच्या एका इस्पितळात होते. एका सकाळी वॉर्डात शिरले, तर अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला एक धिप्पाड माणूस पुटपुटत होता, "घोटभर पानी द्या की कुनीतरी."

"पाणी एवढ्यात नाही मिळायचं. ओठ ओले करून देते," मी मराठीत म्हटलं.

तो बघतच राहिला. "कुठली गं तू?"

"शिरूरची."

"मी मांडवगणचा," तो म्हणाला आणि डोळे पुसायला भिंतीकडे वळला.

मांडवगण फराटा म्हणजे आमच्याच तालुक्यातलं मोठं गाव. हे आप्पा तिथले बागायतदार. सहकारी साखर कारखान्याच्या संचालकांबरोबर युरोपातले कारखाने बघायला निघाले होते. लंडनमध्ये पोटात कळा सुरू झाल्या आणि बाकीची मंडळी त्यांना इस्पितळात ठेवून पुढं गेली. मुंबईचं परतीचं विमान सगळ्यांनी मिळून पॅरिसहून धरायचं होतं. तिकीट एकत्र काढलेलं. ते चुकलं तर दुसरं तिकीट काढायला परकीय चलन आणायचं कुठून, हा प्रश्न होता. डॉक्टरांनी आप्पांना जायला परवानगी दिली, पण एकट्यानं नाही. मेट्रननं मला रजा दिली, कागदपत्रांचंही तिनंच पाहिलं. तिकिटं तेवढी मी काढायची होती.

तिकिटाच्या कचेरीत गेले आणि गोंधळ सुरू झाला. लंडनच्या मोठ्या विमानतळावरून पॅरिसला सरळ विमान होतं, पण भाडं आमच्या आवाक्याबाहेरचं. दुसरा मार्ग बराच स्वस्त होता. लंडनहून बसनं समुद्रकाठच्या लिम नावाच्या विमानतळावर जायचं, तिथून छोट्या विमानानं इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या बोव्हेला उतरायचं, आणि बोव्हेहून पुन्हा बसनं पॅरिस. मग खिडकीतल्या माणसानं विचारलं, मुंबईचं विमान पॅरिसच्या कुठल्या विमानतळावरून आहे? आप्पांच्या तिकिटावर नुसतं 'पॅरिस' होतं. पॅरिसला एकाहून जास्त विमानतळ असतात, हेच मला तेव्हा कळलं.

"बहुधा ल बुर्जे," तो म्हणाला. "इथली विमानं तिथंच जातात." मी ते 'बहुधा' मागं टाकलं आणि 'ल बुर्जे' तेवढं लक्षात ठेवलं.

निघालो त्या दिवशी बसमध्ये आप्पा दर खड्ड्याला टाक्यांवर हात धरायचे. लिमचा विमानतळ म्हणजे गवताचं रान. आप्पांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "हितनं इमान उडतंय व्हय? ह्या रानात तर मी मेंढरं बसवली असती." धुकं हटेपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं. मी डब्यातून पाव आणि उकडलेली अंडी काढली. आमच्या भागात त्या काळी मिशन कंपाउंडमधल्यांच्या हातचं खाताना लोक विचार करायचे, म्हणून मी डबा मधे ठेवला आणि दुसरीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं वळून पाहिलं, तर आप्पा अंडं सोलत होते.

विमान वर गेलं न गेलं तोच उतरायला लागलं. बोव्हेहून पॅरिसची बस मात्र संपता संपेना. जितका वेळ आकाशात त्याच्या कितीतरी पट रस्त्यावर. स्वस्त तिकीट काढणाऱ्यांनी हे धरून चालावं.

पॅरिसमध्ये उतरून मी एका बसवाल्याला 'ल बुर्जे' म्हटलं, त्यानं मान हलवली, आणि आम्ही पोचलोही. खिडकीवरच्या बाईनं आप्पांचं तिकीट पाहिलं आणि मला फ्रेंचमध्ये बरंच काही सांगितलं. त्यातलं 'ऑर्ली' तेवढं कळलं. मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी तिनं कागदावर पॅरिस शहराचं एक वर्तुळ काढलं. आम्ही वरच्या टोकाला होतो आणि मुंबईचं विमान खालच्या टोकाला.

मी आप्पांना सांगितलं. ते ट्रंकेवर बसले.

"सिस्टर, तुम्ही जावा माघारी. मी हितंच बसतो."

"असं कसं, आप्पा? विमान आहे तुमचं."

"ह्या इमानतळानं त्या इमानतळाकडं धाडायचं, त्यानं आनखी तिसरीकडं. मला न्हाई समजत हे." मग खाली बघून म्हणाले, "घरी पोट फाडल्याचं कळवलं न्हाई मी. कारभारनीला वाटतंय मी कारखानंच बघतोय. मी हितं मेलो तर तिला कोन सांगंल, आन् काय सांगंल?"

वॉर्डात रुग्णाला धीर द्यायला शिकवलं होतं, पण तिथं मला रस्ता माहीत असायचा. इथं मीच हरवलेली. मी म्हटलं, "मलाही समजत नाही, आप्पा. पण दोघांनी मिळून चुकू." ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

बसनं वेळ गाठता आली नसती. टॅक्सी केली. स्वस्त मार्गानं जे वाचवलं होतं ते तिथंच गेलं. अख्खं पॅरिस आम्ही उभं कापलं असेल, पण मला आठवतात त्या टॅक्सीवाल्याच्या लाल मानेवरच्या घड्या. तो उजवीकडे वळला की मला वाटायचं, डावीकडे जायला हवं होतं.

ऑर्लीला काचेच्या भल्यामोठ्या दालनात संचालक मंडळी सापडली. त्यांचा सेक्रेटरी खिडकीवर वाद घालत होता, की आमचा एक माणूस यायचाय. आप्पांना बघून सगळे एकदम बोलायला लागले, कुणी त्यांची ट्रंक उचलली, कुणी दंड धरला, आणि ते दाराआड गेलेसुद्धा. निरोप घ्यायचं राहूनच गेलं. मी काचेशी उभी राहिले. कुठलं विमान त्यांचं, तेही कळलं नाही, म्हणून जे उडालं त्या प्रत्येकाकडे बघितलं.

परत मात्र त्याच मार्गानं, बोव्हे आणि लिम करत, सुखरूप आले. रस्ता ओळखीचा झाला होता.

शिक्षण संपवून मी बोटीनं घरी आले. मुंबईहून आगगाडीनं दौंडला उतरले आणि शिरूरला जाण्याआधी मांडवगणला वाकडी वाट केली. भीमा होडीनं ओलांडली, पुढं बैलगाडी मिळाली. आप्पांच्या ओसरीवर माणसं जमली होती. मला बघताच ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना सांगायला लागले.

"हीच ती सिस्टर. पॅरिसात घाबरली बिचारी. मी म्हनलं, पोरी, भिऊ नगंस, आप्पा हाय. टॅक्सी केली आन् नेलं बरोबर जाग्यावर."

लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. खरं म्हणजे त्या दिवशी कुणी कुणाला नेलं, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

आप्पांच्या कारभारणीनं मला आत चुलीपाशी बोलावलं. आमच्या कंपाउंडमधलं माणूस त्या गावात ओसरीच्या पुढं गेल्याचं मी ऐकलं नव्हतं, म्हणून उंबऱ्यापाशी थांबले. त्यांनी हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं, भाकरी वाढली आणि बाहेरच्या आवाजाकडे कान देत हळूच म्हणाल्या, "ते मान्सांत असं सांगत्यात. मान्सं गेली की मला खरं सांगत्यात."