पडलेला आकडा

व्हिएन्नातल्या तळघरात रोसविटाची उमेदीची वर्षं एकाच प्रयोगात गेली. प्रकाशाचे जुळे कण काचेवर एकाच क्षणी पोचले, तर दोघं एकाच बाजूने बाहेर पडतात आणि दोन्ही बाजूंना एकदम आलेल्या कणांचा आकडा शून्याकडे घसरतो. तेवढंच दिसायला हवं होतं. उद्या तिचं टेबल दुसऱ्याला मिळणार होतं.

दोन्ही कणांची वेळ जुळवायला तिने आरसा केसभर सरकवताच आकडा धाडकन पडला.

"मेलं फायबर परत निसटलं!" करवादत तिने सगळं नव्याने जुळवून आकडा वर आणला. प्रकाश मोजणीयंत्रापर्यंत नेणारी ती काचेची तार निसटली, की आकडा असाच पडायचा.

शेजारच्या टेबलाशी पाव खात बसलेला तिचा सहकारी लिओपोल्ड म्हणाला, "अगं बाई, तो पडायलाच हवा होता ना?"

रोसविटाने फायबरकडे पाहिलं. हे फायबर तिने आजवर कितीदा तरी दुरुस्त केलं होतं.