कंबरेचा बत्ता

उभ्या ठाणे जिल्ह्यात कंबरेला लोखंडी बत्ता खोचून लग्नाच्या पंगतीला बसणारी माणसं जर कुणी तयार केली असतील, तर ती आमच्या आतोबांनी. हे काम त्यांनी कुणी सांगितलेलं नसताना आणि पूर्ण शुद्धीवर असताना केलं. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. मुरबाडहून म्हशाकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, अगदी रस्त्याला लागून त्यांचं घर. सैन्याच्या हत्यारांच्या कोठारात त्यांची सगळी नोकरी झाली. बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, मोजून परत ठेवायच्या. शत्रूचं तोंड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण हत्यार हातात आल्यावर बदलणारी आपल्याच माणसांची तोंडं रग्गड पाहिली होती, आणि शत्रूपेक्षा ते त्यांनाच जास्त भीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर परवाना काढून एक रिव्हॉल्व्हर घेतलं. ते शर्टाखाली असायचं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण पाहिलं कुणीच नव्हतं. आत्यासुद्धा म्हणायची, "मला तर वाटतं, नुसता पट्टाच हाय."

नव्वदच्या सुमारास मुरबाडकडे कारखाने आले, रस्त्याकडच्या जमिनींना भाव आला, आणि गळ्यात साखळी घालून झालेल्या लोकांना पुढे काय घालावं असा प्रश्न पडला. मग सफारीखाली रिव्हॉल्व्हर आलं. परवान्यासाठी हा दाखला, तो दाखला, चौकशी, सह्या असं सगळं लागे. फक्त एक गोष्ट कुणी विचारत नसे, ती म्हणजे हे चालवता येतं का. आतोबांचं डोकं इथेच फिरलं. "फटफटीचं लायसन पायजे तर आठ काढून दाखवाय लागतो," ते मला म्हणाले. "पाय टेकला तर नापास. आन याला आठ बी नाय? कंबरेला खोचला की झाला शिपाई?" मी शहापूरला शाळेत मास्तर, अक्षर बऱ्यापैकी, त्यामुळे 'परवान्याआधी शिक्षण सक्तीचे करावे' हा त्यांचा अर्ज दरवर्षी माझ्याच हातून लिहिला जाई. एकदाच उत्तर आलं. अर्ज पुढे पाठवला आहे, एवढंच त्यात होतं. आतोबांनी ते चौकटीत बसवून देवांच्या फोटोंच्या रांगेत टांगलं.

सरकार शिकवेल तेव्हा शिकवेल, तोवर आपण सुरू करू, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या ओट्यावर वर्ग काढला. रिव्हॉल्व्हर शिकणाऱ्याच्या हाती द्यायचं नाही हे तर ठरलेलंच. मग त्याच्या वजनाचं दुसरं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी आत्याच्या खलबत्त्यातला बत्ता उचलला. एक दिवस वाण्याच्या दुकानात जाऊन तराजूच्या एका पारड्यात फडक्याची पिशवी ठेवली आणि दुसऱ्यात बत्ता. वाण्याने विचारलं, "पिशवीत काय हाय?" आतोबा म्हणाले, "औषध." "कशावर?" "माजावर." बत्ता थोडा जड भरला. तो आठ दिवस कानशीने घासून त्यांनी बरोब्बर वजनाला आणला. आत्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "माझा बत्ता मिलिटरीत भरती झाला. आलं आता मी दगडानं ठेचते." पण तिने तो परत मागितला नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या ओट्यावर चार माणसं येऊन बसताहेत याचं तिला अप्रूप असावं.

अभ्यासक्रम चाळीस दिवसांचा. शर्टाखाली बत्ता खोचायचा आणि आपल्या रोजच्या कामाला लागायचं. तो कुणाला दिसता कामा नये, त्याबद्दल कुणाला सांगता कामा नये, आणि त्याला चुकूनही हात लावता कामा नये. बत्ता एकच, तेव्हा तो पाळीपाळीने, पण रोज दिवेलागणीला ओट्यावर हजेरी सगळ्यांची. त्या वेळी आतोबा कोरा चहा पुढे करत आणि एकच प्रश्न विचारत, "आज कुणाचा राग आला?" राग आला असेल तर तो कशावरून, किती वेळ, आणि त्या वेळी हात कुठे होता, हे सगळं सांगायचं. हात कंबरेकडे गेला असेल तर पुन्हा पहिला दिवस. शेवटी परीक्षा असे: हात ताठ पुढे करून मुठीत बत्ता आडवा धरायचा, त्याच्यावर एक चिंचोका ठेवायचा आणि वीस आकडे होईपर्यंत तो पाडायचा नाही. निकाल लिहायला एक वही होती. मी ती चाळली आहे. पहिल्या पानापासून नापास, नापास, नापास. आमच्या शाळेचा निकालसुद्धा इतका वाईट कधी लागला नाही.

पहिला विद्यार्थी एक वीटभट्टीवाला. माणूस अंगापिंडाने भरलेला आणि तोंडाने त्याहून. तो पहिल्याच दिवशी आतोबांना म्हणाला, "काका, दरोडा पडला तं त्यांना सांगू का, चाळीस दिस थांबा, माझी शिकवणी चालू हाय?" आतोबांनी त्याचा कप पुन्हा भरला. मुद्दा खोटा नव्हता, आणि खोटं बोलून वाद जिंकायची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाले, "दरोडा कधी येल म्हाईत नाय. तुझी बायको, तुझा भाऊ, तुझे कामगार मातर रोज समोर हायेत. मला त्यांची काळजी." वीटभट्टीवाला बावीस दिवस टिकला. तेविसाव्या दिवशी गावातल्याच एका लग्नात पंगतीला मांडी घालताना बत्ता निसटला आणि थेट समोरच्याच्या पत्रावळीत, वरणभाताच्या मधोमध जाऊन उभा राहिला. अख्खी पंगत थांबली. वाढपी हातातला भात तसाच धरून उभा. त्याच रांगेत चार पानं सोडून आतोबा बसले होते. त्यांनी मानही न वळवता सांगितलं, "नापास. जेवा आता."

दुसरा भातगिरणीवाला. हा बिचारा शांत, पण त्याला सारखं चाचपायची खोड. बत्ता आहे ना जागेवर, म्हणून दर दोन मिनिटांनी कंबरेवर हात. आतोबा सांगून थकले, "जिथं हात तिथं मन, आन जिथं मन तिथं चोर." म्हशाच्या जत्रेत त्यांचं म्हणणं शब्दशः खरं झालं. बैलबाजाराच्या गर्दीत हा कंबर दाबून चालला होता. एवढं जपतोय म्हणजे बक्कळ ऐवज असणार, असं एका खिसेकापूला वाटलं आणि त्याने बत्ता लांबवला. मी आणि आतोबाही जत्रेत होतो. गिरणीवाला रडकुंडीला येऊन आतोबांसमोर उभा राहिला, तेव्हा आधी आतोबांना आनंदच झाला. "खरा असता तं?" ते मला म्हणाले. "सांग मास्तर, खरा असता तं आता कोणाच्या हातात असता? लिही, लिही हे अर्जात." आणि मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. बत्ता आत्याचा होता, आणि आत्या नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात गेली होती.

त्या दिवशी आतोबांनी अख्खी जत्रा मान खाली घालून पालथी घातली. घोंगडीवाल्यांच्या मधून, भांडीवाल्यांच्या मधून, बैलांच्या पायांतून. मी मागोमाग. उन्हं कलली तशी मी म्हटलं, "आतोबा, दुसरा घेऊ. इथं पन्नास बत्ते विकायला आहेत." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ते पुढच्या रांगेत शिरले. शेवटी एका बैलवाल्याजवळ तो सापडला. चोराने वैतागून फेकून दिलेला बत्ता त्या गड्याला मिळाला होता आणि त्या बत्त्याने तो खुशाल बैलाचा खुंट ठोकत बसला होता. आतोबांनी बत्ता घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि बैलवाल्याला म्हणाले, "चांगला ठोकला हायेस खुंट. हात थरथरत नाय तुझा. रिव्हॉल्व्हर तर नाय ना घ्यायचा तुला?"

आत्या गेल्यावर मला त्या वर्गाचा खरा अर्थ हळूहळू कळत गेला. मी किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडून अधूनमधून जाई आणि ओट्यावर बसून ऐकत राही. गिरणीवाला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चाळीस दिवस करत होता. कुणी बांधावरून भावाचं सांगे, कुणी जावयाचं. "आज कुणाचा राग आला?" असं त्या मोठ्या माणसांना घरी कुणी विचारत नव्हतं. ती बोलत आणि आतोबा ऐकत, आणि चहाचं पातेलं पुन्हा चुलीवर चढे. कुणी पास होऊ नये असं आतोबांना मनातून वाटत असावं असा मला संशय होता. पास झालेला माणूस परत कशाला येईल? एकदा मी हे थट्टेत बोललोही. ते म्हणाले, "गप रे," आणि चिंचोका खिशात टाकून आत गेले.

निवडणूक आली की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. बाकीचे लोक कुरकुरत. आतोबा पहिल्या दिवशी, पहिल्या नंबरला, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पावती घ्यायची, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवायची आणि निवडणूक संपली की परत आणायचं. दोन हजार सालानंतरच्या अशाच एका निवडणुकीला त्यांनी ते जमा केलं. परत आणायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला शहापूरहून बोलावून घेतलं. मला वाटलं, पोलीस ठाण्यात सोबतीला हवा असेन. तर ओट्यावर वही, बत्ता आणि चिंचोका मांडून ठेवलेला.

"परीक्षा घे," ते म्हणाले.

"कुणाची?"

"माझी. आणाय जायच्या आधी बघू दे, हाय का लायकी."

गेलं वर्षभर त्यांच्या हातातला चहा बशीत सांडत होता. ते मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलंय हे त्यांनी पाहिलं होतं. गिरणीवाला आणि आणखी दोघं त्या वेळी यायचे. ती माणसं बत्त्यासाठी येत नव्हती. आतोबांच्या कंबरेला खरं हत्यार आहे, हा माणूस जाणकार आहे, म्हणून येत. ते गेलं की ओटा रिकामा होणार, हे मला कळत होतं आणि त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. मी म्हटलं, "आतोबा, तुम्हाला कशाला परीक्षा? तुम्ही गुरुजी." ते म्हणाले, "मास्तर, तू तरी असं बोलू नको."

त्यांनी हात ताठ केला. मी चिंचोका ठेवला आणि आकडे म्हणायला लागलो. खोटं कशाला सांगू, मी भराभर मोजत होतो. बारावर आलो तर ते म्हणाले, "शाळेत असाच मोजतंस काय? परत." मी परत मोजलं, नीट. सातावर चिंचोका जमिनीवर पडला. त्यांनी तो वाकून उचलला आणि स्वतःच्या हाताने ठेवला. या वेळी पाचावर पडला. रस्त्याने एक ट्रक गेला.

"ट्रकमुळे हाललं असेल," मी म्हटलं.

"ट्रक नंतर आला," आतोबा म्हणाले. "लिही."

मी त्या वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे नापास लिहिलं. आयुष्यात इतक्या पोरांना नापास केलं, गुरुजीला पहिल्यांदाच. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन ते रिव्हॉल्व्हर कायमचं तिथेच सोडलं, परवानाही परत दिला. येताना एसटीच्या थांब्यावर मला म्हणाले, "आता कोन येल रे?" मी म्हटलं, "मी येईन की. दर रविवारी येईन."

सुरुवातीला गेलोही. मग महिन्यातून एकदा, मग सणावारी. मुलीची शाळा, घराचं काम, कारणं माणसाला मिळतातच. गिरणीवाल्याने तर परवान्याचा नादच सोडला होता, आणि नाद सुटला तसा ओटाही. मी जाई तेव्हा पातेल्यात दोन कपांचाच चहा असे, पण पाट मात्र चार मांडलेले. त्या पाटांकडे पाहून मला लाज वाटे, आणि लाज वाटते म्हणून पुढची खेप आणखी लांबे. हा माझा गुन्हा, आणि तो कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

शेवटच्या खेपेला ते मला थांब्यापर्यंत पोचवायला आले. इस्त्रीचा शर्ट, पायात वहाणा, चाल मात्र तीच, सावकाश आणि ताठ. अंगाने फार वाळले होते. थांब्यावर आल्यावर इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, दिसतो काय रे?"

मी पाहिलं. शर्टाखाली, डाव्या अंगाला, बत्ता होता. ढगळ झालेल्या शर्टातून त्याचं गोल टोक सरळ वर आलं होतं, आणि रस्त्यापलीकडच्या माणसालाही दिसलं असतं.

"नाही दिसत," मी म्हटलं.

"घरापास्नं हात लावला का मी?"

"नाही आतोबा, एकदाही नाही." हे मात्र खरं होतं.

"आज चाळिसावा दिस," ते म्हणाले. "घरी गेलास की लिही कुठंतरी. पास."

एसटी आली. मी खिडकीशी बसलो आणि हात हलवला. त्यांनीही हलवला. गाडी वळणावर गेली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. आतोबा थांब्यावर एकटेच उभे होते, आणि आपल्याला आता कुणी बघत नाही असं वाटून त्यांनी तळहात हळूच कंबरेवर, आत्याच्या बत्त्यावर ठेवला होता. तो मी पाहिला. वहीत लिहिला नाही.