कागदावरची चूल

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही अर्धवट. पण पेपर मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, जाहीर निविदासुद्धा सोडत नाही. त्यामुळे आमच्याकडे राजकारणाचा विषय निघाला की पुरुषमाणसं एकमेकांना खुणावतात, आता अक्का सुरू होणार. आणि मी होतेच सुरू, खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यात भरिताचा बेत होता. धुळ्याहून धाकटा भाऊ आला होता. त्याचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर सून वांगी भाजत होती, मी लाकडाच्या बडगीत मिरची-लसूण ठेचत होते. मुलगा केळीची पानं कापून आणत होता. भावाने नेहमीचं सुरू केलं.

"अक्का, आम्ही टॅक्स भरतस आन् सरकार बठ्ठं फुकट वाटी ऱ्हायनं."

"तू एकलाच भरस का रे? मी साबण लेस, बिस्किट लेस, त्यावर टॅक्स नही का?"

"तुझ्या बिस्किटावर राज्य चालतं, हे माहीत नव्हतं मला," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण सोडलं नाही. म्हटलं, ज्या बाईला नवऱ्यापुढे दहा रुपयांसाठी हात पसरावा लागतो, तिच्या नावावर दर महिन्याला काही आलं तर तुझ्या दुकानाचं काय जातं?

"गरजेच्या बाईला द्या की, नाही कोण म्हणतंय? नको त्यांना मिळतं, त्याचं काय?"

इथे आमचं एकमत झालं. आणि एकमत झालं की मला फार जोर चढतो. मिरचीचा हात वर करून मी म्हणाले, "जे एका पातेल्यात जेवतात आणि कागदावर वेगळे राहतात ना, त्यांची रेशनकार्डं टराटरा फाडली पाहिजेत!"

मुलगा पानं तिथेच ठेवून उगाच विहिरीकडे बघायला लागला. भाऊ मात्र हसला.

"फाड मग. घरापासून सुरुवात कर."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण मुलाचा चेहरा बघितला आणि हातातला बत्ता हातातच राहिला.

दोन वर्षांपूर्वी मुलाने माझ्या सह्या घेतल्या होत्या. म्हातारपणाची पेन्शन आहे, आई, सगळ्यांनाच मिळते, असं म्हणाला होता. ती निराधारांची पेन्शन होती. त्यासाठी माझं कार्ड वेगळं काढलं होतं. कागदावर मी मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहत होते, आणि हे धुळ्याला माहीत होतं, मला नव्हतं!

"सगळं गाव करतं, आई," मुलगा म्हणाला.

त्या दिवशी मी भरिताचं पान तसंच सरकवून उठले. पण दुसऱ्या दिवशी मी 'बंद कर' म्हणाले का? नाही म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या नावावर आलेले ते पहिले पैसे. त्यातून मी चष्मा केला. दुकानदाराने विचारलं, फ्रेम कोणती दाखवू, आणि मागे वळून कोणाला न विचारता मी बोट ठेवलं. ते सुख सोडवत नव्हतं.

होळीनंतर बातमी आली, पेन्शनवाल्यांची घरोघर तपासणी होणार. मुलाने तालुक्याहून एक शेगडी आणली. मागच्या खोलीत ती मांडली, शेजारी दोन पातेली आणि मिठाची बरणी ठेवली. माझ्याकडून पाठ करून घेतलं: मी एकटी राहते, माझं मी करून खाते.

सून दारात उभी राहून हसत होती. "आई, एकदा चहा तरी करा तिच्यावर. निदान स्टिकर काढा."

तपासणीला एक तरुण बाई आली. उन्हाने लाल झाली होती. माझ्या खाटेवर बसली, शेगडी बघितली, विचारलं, "आजी, कोण कोण असतं?"

"मी एकटी राहते. माझं मी करून खाते."

एका दमात निघालं हो तोंडातून! इतकं सोपं असतं, हे बघून मीच हबकले.

तेवढ्यात पुढच्या घरातून सून दोन कप घेऊन आली. "आई, तुमच्यात साखर टाकली नाही. आणि बीपीची गोळी राहिलीय बघा." बोलली आणि जीभ चावली. बाईने चहा घेतला, फाईल उघडली. सहीआधी अर्ज वाचून दाखवावा लागतो म्हणाली, आणि वाचायला लागली.

"मुलगा व सून सांभाळ करत नाहीत. जेवणही देत नाहीत. शेजाऱ्यांच्या आधारावर दिवस काढते."

सुनेच्या हातातला रिकामा ट्रे खाली आला. तिला नवऱ्याने फक्त कार्ड वेगळं केल्याचं सांगितलं होतं. मलाही तेवढंच माहीत होतं.

"मी?" ती म्हणाली. "मी जेवायला देत नाही?"

मांडीचं हाड मोडलं तेव्हा तीन महिने मला आंघोळ घालणारी ही मुलगी. आणि त्या ओळीखाली माझी सही, ठळक, माझी मी शिकलेल्या अक्षरांत.

"खोडा ते," मी म्हणाले.

"आजी, ते खोडलं तर पेन्शन बंद होईल."

"होऊ द्या. मी यांच्यातच राहते. शेगडी कालची आहे."

बाईने लिहून घेतलं, माझी सही घेतली. उठताना म्हणाली, "सकाळपासून जेवढ्या घरी गेले, तेवढ्या म्हाताऱ्या एकट्याच निघाल्या. चहा मात्र सगळीकडे सुनेनंच दिला."



ती गेल्यावर सुनेने कप उचलले. माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, तुम्ही निविदासुद्धा वाचता. हे वाचलं नव्हतं?"

"तेव्हा चष्मा नव्हता गं," मी म्हणाले.

तिला माहीत होतं, जुना चष्मा होता. दोऱ्याने बांधलेला होता, पण त्यातून दिसत होतं. पैसे येणार होते, म्हणून मी वाचलं नव्हतं.