चार पायांवर स्वित्झर्लंड

मी एकदा स्वित्झर्लंडला जाऊन आलोय. चार पायांवर.

विमान वगैरे काही लागलं नाही. पंचवटीतलं आमचं दोन खोल्यांचं घर पुरलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा विंचूरचा कांदा टेंपोतून नाशकात आणायचो. शिक्षण चौथी पास, तेही मास्तर कंटाळले म्हणून. बायको सुमन माझ्याहून हुशार, हे तिने मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं. (ती गेली त्याला आता वर्ष होईल. एवढी हुशार बाई, पण आधी जायची घाई केली. असो.)

आमची मंदी तिसरीत होती. उन्हाळ्यात तिला कांजिण्या आल्या. आता ज्याच्या घरी कांजिण्या, त्याच्या घरी देवी पाहुणी! दाराला लिंबाचा डहाळा, फोडणी बंद, आवाज चढवायचा नाही आणि देवी मागेल ते द्यायचं. देवी म्हणजे अर्थात मंदी. पण देवीने खाणंच सोडलं. आदल्या दिवसापासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. तोंड एवढंस्सं झालं पोरीचं. सुमनच्या घशाखालीही घास उतरेना.

"देवी, काय हवं?" सुमनने हात जोडले.

"गोष्ट," देवी म्हणाली. "दादांनी वाचायची." दादा म्हणजे मी, तिचा बाप.

झालं! शाळेतून आणलेलं पुस्तक होतं. एक टोपीवाला बुलडॉग आणि एक जाडी मांजर, दोघं गुप्तहेर. ते सुट्टीला स्वित्झर्लंडला जातात (आम्ही माणसं असून हौसेने कधी सिन्नरच्या पुढे गेलो नव्हतो!) आणि तिथल्या हॉटेलवालीच्या गाईची चांदीची घंटा चोरीला जाते. मी अक्षराखाली बोट ठेवून वाचत होतो. घाटात कांद्याचा टेंपो चढवणं त्यापेक्षा सोपं. शेवटी बुलडॉग टोपी सावरत म्हणाला, "चोर याच खोलीत आहे!" मी पान उलटलं, तर पुढे नुसता पुठ्ठा. शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली!

"चोर कोण?" मंदी उठून बसली.

"चोर... गाय!"

"स्वतःचीच घंटा चोरली?"

"मग हॉटेलवाली."

"ती तर रडत होती."

"रडणारेच चोर असतात, तुला नाही कळायचं."

"अहो, देवीशी वाद काय घालता!" सुमन दबक्या आवाजात म्हणाली.

मंदी पुन्हा आडवी झाली. "बुलडॉग चोर शोधेल, तेव्हाच मी जेवेन."

सुमनने माझ्याकडे बघितलं. एरवी ओरडली असती. आता ओरडायला बंदी, म्हणून नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

"व्हा," ती म्हणाली.

"काय होऊ?"

"बुलडॉग!"

झालो. टोपी नव्हती, म्हणून तिने माझ्या डोक्यावर भाकरीची दुरडी उपडी घातली. गोधड्यांचा ढीग म्हणजे बर्फाचा डोंगर, कॉटखाली बोगदा. मी हुंगत हुंगत बोगद्यात शिरलो, ट्रंकेवर टाळकं आपटलं आणि वेदनेनेच म्हणा, खणखणीत भुंकलो. मंदी खदखदून हसली. तोंड उघडलं तसा सुमनने दहीभाताचा घास आत सारला! मग तोच हिशेब ठरला. मी भुंकलो की घास. मी दमलो की पोरीचं तोंड बंद.

वाटी निम्मी झाली, तेवढ्यात दारात शेजारच्या ठकूबाई उभ्या. देवीला नैवेद्य घेऊन आलेल्या, मागे गल्लीतल्या चार बाया. त्यांना दिसलं काय? घरचा कर्ता पुरुष चार पायांवर, डोळे लाल, अंगभर धूळ, डोक्यावर दुरडी, आणि भुंकतोय!

"अगं बया!" ठकूबाईंनी ताट खाली ठेवलं. "भाऊंच्या अंगात आली गं!"

मला सांगायचं होतं, की बाई, तसं काही नाही, मी साधा कुत्रा आहे. पण माणसासारखं बोललो तर उरलेला भात कोण खाणार? ठकूबाईंनी मूठभर हळद-कुंकू माझ्या कपाळी थापलं. निम्मं नाकात गेलं. मी शिंकलो.

"बोलली! देवी बोलली! माय, आमच्या रमीचं लगीन यंदा जमंल का?"

मंदीचं तोंड मिटत होतं. मी काय करणार? "भो!"

"जमंल म्हणती! नवरा नोकरीवाला का शेतीवाला?"

"भो भो!"

"दोन्ही! नोकरी बी अन् शेती बी!" ठकूबाईंनी माझ्यापुढे डोकं टेकलं. मागच्या बाया आपापले प्रश्न घेऊन पुढे सरकल्या.

सुमन मला वाचवेल असं वाटलं. ती आली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. खांदे हसण्याने गदगदत होते. "माय, आमचे मालक फार बिड्या ओढतात. सोडतील का?"

मी गुरगुरलो.

"कोपली!" बाया एका सुरात म्हणाल्या. "भाऊ, आजपासून बिडी बंद हां, गल्लीला साक्ष आहे!"

मंदी हसून हसून लोळली आणि शेवटचा घास खाऊन झोपून गेली. चोर राहिला बाजूला. (रमीचं त्याच वर्षी जमलं. मुलगा पोस्टात, गावाकडे चार एकर. त्यांच्या लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवलं, पण ते भुंकणं देवीचं नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.)

पंधरवड्याने फोड माझ्या अंगावर उठले. आता देवी मी! लगेच मटण मागितलं. "देवीला ते चालत नाही," असं हात जोडून सांगत सुमनने दहीभात कालवला. पण भरवला स्वतःच्या हाताने. लिंबाच्या पाल्याने वारा घातला, फोड मोजत बसली, एकदाही आवाज चढवला नाही. उभ्या संसारात असे लाड झाले ते तेव्हाच. कुणी भुंकायचीही गरज पडली नाही.

बरा झाल्यावर मी डॉक्टरला विचारलं, "या पुन्हा कधी येतात?"

"घाबरू नका हो," ते म्हणाले, "कांजिण्या बहुधा जन्मात एकदाच."

घाबरतोय कोण? मला पुढचं बुकिंग करायचं होतं!