करबलाला निघालेली सुईण

नवरा समुद्रात गेल्यानंतर मी नमाज सोडली नाही, पण दुआ मागणं सोडलं. पाच वेळा मुसल्ला अंथरायची, सलाम फेरून नमाज संपली की हात न उचलता तशीच उठायची. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात बायकांच्या ते लक्षात आलं होतं. माझे हे तांडेल होते, गलबत चालवणारे. गलबतावर कौलं भरून निघाले ते परतलेच नाहीत. चाळीस दिवस मी अल्लाहजवळ एकच मागणं मागितलं. मग दुसऱ्या गलबतावरची माणसं येऊन सांगून गेली, की फळ्या तेवढ्या सापडल्या. त्यानंतर अल्लाहकडे काय मागायचं, हेच मला कळेनासं झालं.

मूलबाळ नव्हतं. मुंबईला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं आणि एकोणीसशे साठ साल उलटल्यावर एका नातेवाइकाच्या ओळखीने कुवेतला आले. शहरापासून दूर फैलका नावाच्या बेटावर दोन खोल्यांचा दवाखाना होता. तिथे जायला कुणी नर्स राजी नव्हती. मी जाते म्हणाले. ज्या समुद्राचा राग, त्याच्याच मधोमध जाऊन राहायचं मला कसं सुचलं, ते आजही सांगता येत नाही.

बेटावर मातीच्या भिंतींची बुटकी घरं होती. विहिरींचं पाणी मचूळ, म्हणून प्यायचं पाणी होडीने यायचं आणि वारा असला की यायचं नाही. वीज नव्हती. पुरुष मासे धरत, बायका शेळ्या राखत, आणि पाऊस झालाच तर थोडा गहू पिकायचा. पोट दुखलं की तापलेल्या सळईने डाग द्यायची रीत होती. डॉक्टर आठवड्यातून एकदा लाँचने यायचे. मध्येच कुणी आजारी पडलं तर त्याने लाँचची वाट पाहायची, आणि तीही सगळे मुकाट्याने पाहत. बायका दवाखान्यात पाऊल टाकत नसत. मलाच घरी बोलावून नेत. माझ्या मोडक्या अरबीला हसत, पण खजूर पुढे केल्याशिवाय कधी सोडत नसत.

किनाऱ्याजवळच्या टेकाडावर समुद्रावरच्यांचा राखणदार मानलेल्या ख्वाजा खिजरचं स्थान होतं. बायका तिथे ऊद जाळायच्या, मूल व्हावं म्हणून नवस बोलायच्या. आमच्याकडेही गलबत पाण्यात लोटताना त्यांचंच नाव घेतात. मी त्या टेकाडाकडे कधी फिरकले नव्हते.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी उत्तरेचा वारा सुरू झाला. चार दिवस धुळीने आभाळ पिवळं होतं. डॉक्टरांचा दिवस आला तसा गेला. पाचव्या दिवशी सकाळीच उम्म सालेम नावाच्या म्हातारीने मला बोलावणं धाडलं. तिच्या सुनेला, नूराला, कळा सुरू झाल्या होत्या. नूराची ही पहिलीच खेप. मी पोट चाचपलं. मूल आडवं होतं. डोकं उजव्या कुशीला लागत होतं. पाणमोट अजून फुटली नव्हती, एवढीच काय ती आशा. ती फुटून मुलाचा हात खाली आला असता, तर दोन्ही जीव गेले असते. अशा बाईला हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं, असं मला शिकवलं होतं. मी धावत धक्क्यावर गेले. होडीवाल्याने लाटांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. त्याचं चुकत नव्हतं.

परत आले तर उम्म सालेम अबाया पांघरून निघालेली. खिजरच्या स्थानी जाऊन येते, म्हणाली. माझा तोल गेला.

"माझ्या नवऱ्यानेही त्यांचंच नाव घेतलं होतं," मी म्हणाले. "त्याचं प्रेतही मिळालं नाही."

ती रागावली नाही. "बेटी, तू तुझं काम कर," ती म्हणाली, "मला माझं करू दे." आणि वाऱ्यात वाकून चालू लागली.

मी नूराला डाव्या कुशीवर निजवून बसून राहिले. दोन कळांच्या मध्ये ती मला विचारायची, डॉक्टर निघाले का. मी 'निघाले' म्हणायचे. इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

दुपारी, जोहरच्या नमाजेच्या सुमाराला उम्म सालेम परतली. तिच्यासोबत एक अनोळखी म्हातारी होती, ठेंगणी, डोळ्यांत मोतीबिंदू. इराणच्या किनाऱ्यावरून बसऱ्याकडे निघालेलं एक गलबत वाऱ्यामुळे बेटाच्या आडोशाला थांबलं होतं. ही त्यातली. बसऱ्याहून पुढे तिला करबलाच्या यात्रेला जायचं होतं. थांबलोच आहोत तर खिजरच्या स्थानी सलाम करावा, म्हणून ती टेकाडावर आली होती. तिथे उम्म सालेमला रडताना पाहून तिने कारण विचारलं. तिने सारा जन्म सुईणपण केलं होतं. उम्म सालेमचं माहेर इराणकडचं, त्यामुळे दोघींना एकमेकींचं बोलणं समजलं.

त्या सुईणीने नूराचं पोट चाचपलं आणि स्वतःचे हात माझ्यासमोर धरले. ते थरथरत होते. तिने माझे हात घेतले, त्यांना कोमट तेल चोळलं, नूराच्या कमरेखाली उशा सारल्या आणि माझे दोन्ही हात पोटावर ठेवून वर आपले ठेवले. कळ आली की ती मला थांबवायची. कळ ओसरली की किंचित दाब द्यायची. मला घाई झाली होती, मी जोर लावायला गेले. तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "आहिस्ता, आहिस्ता." तिच्या बोलण्यातला तेवढाच शब्द मला कळला. पुढचं उम्म सालेमने समजावलं: "ती म्हणते, तू वळवू नकोस. त्याला वाट दे, तो वळेल."

किती वेळ गेला माहीत नाही. एकदा माझ्या तळहाताखाली काहीतरी हळूच सरकलं आणि डोकं खाली गेलं. म्हातारीने पोटाला दोन्ही बाजूंनी कापड गुंडाळून घट्ट बांधलं. दिवस मावळण्याआधी, मगरिबच्या अगोदर मुलगी झाली. लगेच रडली नाही. मी पाठ चोळल्यावर रडली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. गलबत निघणार कळल्यावर मी किनाऱ्यावर गेले आणि म्हाताऱ्या सुईणीचे हात डोळ्यांना लावले. उम्म सालेमकरवी विचारलं, की मी तुमच्यासाठी काय करू. ती म्हणाली, वय झालंय, करबलाला पोचेन की वाटेतच संपेन ठाऊक नाही; माझ्यासाठी दुआ माग. मी मान डोलावली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी जोहरनंतर मी हात उचलले. समुद्रावर असलेल्या माणसासाठी मागायचं होतं, आणि तेच मला सर्वांत जड होतं. मग मी आमच्या घरच्या बोलीतच मागितलं. मागता मागता ह्यांचंही नाव तोंडात आलं, आणि इतकी वर्षं न आलेलं रडू आलं.

दोन दिवसांनी डॉक्टर आले. सगळं ऐकून त्यांनी मला बजावलं, की पुन्हा असं धाडस करू नका. त्यांचं बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकलं. पण मनात एक गोष्ट पुनःपुन्हा येत होती. ज्या वाऱ्याला मी चार दिवस शिव्या देत होते, त्यानेच त्या म्हाताऱ्या सुईणीला आमच्याकडे थांबवलं होतं. आणि माझं ऐकून उम्म सालेम टेकाडावर गेली नसती, तर ती सुईण आम्हाला भेटलीही नसती. याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. माझा नवरा का बुडाला, याचं उत्तर मला तेव्हाही मिळालं नाही, आताही नाही. फक्त ते उत्तर मिळाल्याशिवाय अल्लाहपुढे हात पसरायचे नाहीत, हा माझा हट्ट तेवढा गळून पडला.

ती करबलाला पोचली की नाही, मला कधीच कळलं नाही. मी तिच्यासाठी आजही मागते. मागून झालं की ते अल्लाहच्या हवाली करते आणि कामाला लागते.